पांढरंच राहिलेलं मीठ

जानेवारीत पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांसाठी, गावी गेले होते. सकाळचे दहा वाजले असतील. आई ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसली होती, मी शेजारी नुसतीच ऊन खात होते, आणि आशाताई आल्या. घरोघरी फिरणारी 'आशा' आरोग्यसेविका, गावातलीच सून, आईला काकी म्हणणारी. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. "काकी, जरा मीठ द्या." आईला वाटलं हिच्या घरातलं संपलंय. "दिवेलागणीनंतर मागितलं असतंस तर दिलं नसतं हां," म्हणत ती आत गेली आणि बरणीतलं वाटीभर खडे मीठ घेऊन आली. आशाताईंनी त्यातले चार खडे ताटलीत घेतले, चमच्याच्या पाठीने चुरले, थापून सपाट केले आणि पिशवीतून औषधाच्या ड्रॉपरसारखी एक इवलीशी बाटली काढून त्यावर एक थेंब टाकला. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. काही झालं नाही. थेंब मिठात जिरला आणि मीठ पांढरंच राहिलं. त्यांनी दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकून पुन्हा पहिल्या बाटलीतला टाकला. तरी पांढरंच. मग त्यांनी विचारलं, घरात पुडीचं मीठ आहे का? होतं. माझी भाची आली होती, तिला सॅलडवर टाकायला बारीक मीठ लागेल म्हणून मीच नाक्यावरून आणलं होतं. त्यावर थेंब पडला मात्र, जांभूळ फुटावं तसा रंग पसरला.

"बघा काकी, ह्यात आयोडीन आहे. तुमच्या मिठात नाही."

आई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा मी ओळखते. आमच्या मिठात काहीतरी कमी आहे, हे वाक्य त्या घरात, त्या ओटीवर, आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. ती उठली, आतून सुक्या बोंबलाचा एक तुकडा आणला आणि ताटलीत ठेवला. "ह्याच्यावर टाक बघू." आशाताई हसल्या, ते माशासाठी नसतं म्हणाल्या, पण आई ऐकेना. शेवटी त्यांनी टाकला एक थेंब. बोंबील बोंबलाच्याच रंगाचा राहिला. आई पुन्हा शेंगा निवडायला बसली, जरा जोरजोराने. आशाताईंनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं, चहा घेतला, पुडीचंच मीठ वापरा म्हणून सांगितलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या. पाच-सात मिनिटांचा सगळा प्रकार. पुण्याला परत आले तरी तो काही डोक्यातून जाईना.

आम्ही आगरी. मिठाचं आगर ज्याच्याकडे तो आगरी, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. उरणच्या बाजूला आमचं आगर होतं, फार मोठं नाही, पण बाबांचं सगळं आयुष्य त्याच्या बांधांवर गेलं. आमच्याकडे मीठ "तयार करत" नाहीत, पिकवतात. पाऊस संपला की बांध दुरुस्त करायचे, तळ चोपून चोपून गुळगुळीत करायचा, उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेत नेत उन्हाने दाट करायचं. शेवटच्या वाफ्यात सकाळी पाण्यावर साय धरल्यासारखी पापडी दिसायची. दुपारी ती तळाशी बसायची. फळीने ओढलेल्या मिठाचा आवाज अजून कानात आहे, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्या पांढऱ्याकडे बघवायचं नाही. बाबांचे डोळे कायम बारीक केलेले, घरात सावलीत बसले तरी तसेच. आम्हा पोरींना वाटायचं, बाबांना सारखं काहीतरी गंमत वाटत असते.

बाबांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. आपलं मीठ कडू नाही. मीठ धरलं की वर जे पाणी उरतं ते कडवट असतं, तेलासारखं जड. घाईचा आगरी ते पुरतं काढत नाही, तेवढंच वजन भरतं. बाबा ते पाणी वेळेवर सोडून द्यायचे आणि मग रास निथळू द्यायचे. गिऱ्हाइकासमोर एक खडा जिभेवर ठेवून दाखवायचे. "नुसता खारट. मागे कडू लागतं का बघा." पावसाळ्याआधी राशी पेंढ्याने शाकारल्या जायच्या, आणि चांदण्या रात्री बांधावरून पाहिलं तर त्या झोपलेल्या म्हशींसारख्या दिसायच्या.

ह्या कडू पाण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मला थायरॉईड आहे. म्हणजे थायरॉईडची ग्रंथी सगळ्यांनाच असते, पण आपल्याकडे "मला थायरॉईड आहे" म्हटलं की बिघडलेली आहे असं समजतात. नऊ वर्षं झाली. रोज पहाटे उपाशीपोटी एक पांढरी गोळी, मग अर्धा तास चहाला हात लावायचा नाही. तो अर्धा तास मी खिडकीशी बसून काढते. सुरुवातीला नणंद म्हणाली, हे सगळं त्या आयोडीनच्या मिठाने होतं, पूर्वी कुठे होता कोणाला थायरॉईड? आई म्हणाली, पुण्यात मासे ताजे मिळत नाहीत म्हणून झालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही नाही. माझ्या शरीराची संरक्षणाची यंत्रणाच माझ्या ग्रंथीवर उलटली आहे. जपानच्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरने १९१२ साली ह्या प्रकाराचं वर्णन केलं, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. आयोडीनचा अतिरेक झाला तर काहींच्या बाबतीत तो बळावू शकतो, म्हणून नणंदेचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. पण रोजच्या जेवणातल्या मिठाइतक्या आयोडीनला घाबरायचं कारण नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी दोघींनाही हे सांगायचा प्रयत्न केला. दोघीही आपापल्या मतावर कायम आहेत.

तर मिठागरवाल्याची मुलगी, आणि बिघडली ती नेमकी आयोडीनवर चालणारी ग्रंथी. पुण्याला आल्यावर पहाटेच्या त्या अर्ध्या तासात मला सारखी आईची ताटली दिसायला लागली. पांढरं मीठ, जांभळं मीठ आणि मध्ये बोंबील. समुद्राच्या मिठात समुद्रातलं आयोडीन नाही, हे कसं? आणि बोंबलातही नाही?

बोंबलाचं कोडं आधी सुटलं, कारण त्याचं उत्तर मी शाळेतच शिकले होते. सातवीत बाईंनी कापलेल्या बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून दाखवला होता. बटाटा काळा-निळा पडला आणि वर्गात "शाई, शाई" असा गलका झाला. आयोडीन आणि स्टार्च भेटले की हा रंग येतो. आशाताईंच्या बाटलीत तोच खेळ उलटा असतो. स्टार्च बाटलीत, शोध आयोडीनचा. कारखान्यात मिठावर पोटॅशियम आयोडेट फवारतात. बाटलीतल्या द्रावणाने त्यातलं आयोडीन मोकळं होतं आणि स्टार्चला रंगवतं. माशातलं आयोडीन ह्या रूपात नसतं, ते मांसात गुंतलेलं असतं. त्यामुळे थेंबाला ते दिसत नाही. दिसत नाही, पण असतं. समुद्राची मासळी, कोलंबी, जवळा ह्यांच्यात आयोडीन असतं. दुधात आणि अंड्यात असतं. समुद्री शेवाळात तर भरपूर. मुळात ते माणसाला सापडलं तेच शेवाळात. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा नावाचा माणूस बंदुकीच्या दारूसाठी सोरा करायच्या खटपटीत शेवाळाच्या राखेवर ॲसिड ओतत होता, जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ निघाली. ग्रीक भाषेत जांभळ्याला जो शब्द आहे, त्यावरून आयोडीन हे नाव पडलं.

मिठाचं कोडं सुटायला वेळ लागला, आणि सुटल्यावर जरा वाईटच वाटलं. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. आयोडीन असतं पन्नास-साठ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता समजा हे सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं, तरी दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात त्यातलं किती जाईल? सतरा मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला रोज लागतं १५०. आणि सगळं उतरतही नाही. मीठ धरतं तेव्हा आयोडीन खड्यात शिरत नाही, ते वरच्या पाण्यात राहतं. कुठल्या पाण्यात? बाबा जे वेळेवर सोडून द्यायचे, त्या कडू पाण्यात.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून मी बराच वेळ तशीच बसले. चहा घ्यायची वेळ टळून गेली होती.

जितकं मीठ चोख, तितकं आयोडीन कमी. बाबांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते? बहुधा म्हणाले असते, "मग काय कडू विकू लोकांना?"

कुलू-मनालीला कॉलेजच्या सहलीतून गेलो होतो, त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली असतील. बियासच्या काठाला एका टपरीवर राजमा-भात खाल्ला. वाढणारी म्हातारी हसतमुख, गालांवर लाल शिरांचं जाळं, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. ओणवी झाली की मफलर पुढे यायचा आणि वाटायचं आत काहीतरी बांधून ठेवलंय, पैशाची थैली वगैरे. उन्हं वर आली तेव्हा तिने मफलर काढला. थैली नव्हती. तिच्या गळ्याचाच तो भाग होता, नारळाएवढा, आणि त्यावर तिने चांदीची माळ घातली होती. आमच्यातल्या एकीने पटकन तोंड फिरवलं. म्हातारीने ते पाहिलं असणार, पण तिने विचारलं एवढंच, "और चावल?" गलगंड हा शब्द मला तेव्हा फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या चित्राखालचा म्हणून माहीत होता. चित्रातल्या बाईला चेहरा नव्हता, नुसता गळा होता.

ग्रंथीला आयोडीन मिळेना झालं की ती आपला आकार वाढवते. येईल तो कण पकडायला मोठं जाळं टाकावं, तसं. तिच्या हार्मोनच्या एका रेणूला आयोडीनचे चार अणू लागतात, तेच नसले तर ती करणार काय? डोंगराळ मुलखात हे घडतं कारण बर्फ आणि पाऊस हजारो वर्षं जमीन धुऊन काढतात. आयोडीन विरघळून नदीत जातं, नदी ते समुद्रात नेते. त्या मातीत पिकलेल्या राजम्यात, मक्यात ते येणार कुठून? बियास सतलजला मिळते, सतलज सिंधूला, आणि सिंधू अरबी समुद्राला. म्हणजे त्या म्हातारीच्या शेतातून वाहून गेलेलं आयोडीन आमच्याच समुद्रात आलं. आमच्या माशांनी ते घेतलं. आम्ही मासे खाल्ले आणि आमचे गळे सपाट राहिले. श्रेय मात्र आम्ही मिठाला देत आलो. समुद्राचं मीठ खातो, आम्हाला काय धाड भरलीय!

तिच्याच राज्यात, कांगडा खोऱ्यात, १९५६ साली एक साधा पण भलताच धीराचा प्रयोग सुरू झाला होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीचा मुलूख तीन भागांत वाटला. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ पाठवलं, मधल्या भागात साधं. मग वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांचे गळे चाचपून नोंदी केल्या. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आलं. साध्या मिठाच्या भागात ते हललं नाही. मग त्याही भागाला आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही ते उतरलं. मला ह्यातला मधला भाग सतावतो. तिथली मुलं ती सगळी वर्षं तसलंच मीठ खात राहिली, पांढरंच राहणारं. पण त्यांच्यामुळेच बाकीच्या देशाला पुरावा मिळाला. १९६२मध्ये सरकारचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तोही आधी डोंगरी पट्ट्यापुरता. पुढे देशभर ठिकठिकाणी पाहण्या झाल्या तेव्हा कळलं की हा फक्त डोंगराचा आजार नाही. पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत तो सापडला. मैदानं, किनारे, कोणी सुटलं नव्हतं.

आणि गळा हा त्यातला सगळ्यात कमी वाईट भाग. बाहेरून दिसतो एवढंच. पोटातल्या बाळाला पहिले तीन महिने स्वतःची चालती थायरॉईड ग्रंथी नसते. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या हार्मोनवर. आईला आयोडीन फारच कमी पडलं तर मूल बहिरं, खुजं, बुद्धीने मागे पडलेलं जन्मू शकतं, आणि मग कितीही मीठ खाऊ घातलं तरी ते भरून येत नाही. थोडं कमी पडलं तर डोळ्यांना दिसेल असं काही होत नाही. मूल जरा मंद, शाळेत जरा मागे, आणि आपण म्हणतो, अभ्यासच करत नाही. म्हणून गरोदर बाईला १५०च्या जागी २५० मायक्रोग्रॅम लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका माणसाचा सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅम होत नाही. एका चमच्याच्या आत. तेवढंच, पण रोज लागतं, कारण शरीर त्याची मोठी साठवण करू शकत नाही.

बाबांना हे कोणी नीट सांगितलं नाही. १९९८ साली आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. आमच्या घरी ती बंदी म्हणजे मेजावरचा एक कागद म्हणून आली नाही, व्यापारी म्हणून आली. नेहमीचा व्यापारी येऊन म्हणाला, आता हे खायचं म्हणून नेता येणार नाही, बर्फाच्या कारखान्याला, चामड्याला देऊ, भाव निम्मा. बाबा त्याला काही बोलले नाहीत. राशीपाशी गेले, खडा उचलला, जिभेवर ठेवला. आयोडीन फवारायचं यंत्र मोठ्या कारखान्याला परवडतं, चार वाफ्यांच्या आगराला नाही. शिवाय आमचं मीठ मोठ्या खड्याचं, आणि बायका ते वापरण्याआधी धुऊन घेणार. वर फवारलेलं सगळं त्या पाण्यासोबत मोरीत. गावात लोक नाही नाही ते बोलायचे. सरकारने मिठात पोरं न होण्याचं औषध घातलंय, असंही एक होतं. २०००मध्ये केंद्राने बंदी उठवली. लोकांनी काय खावं हे सरकारने का ठरवावं, असा तेव्हाचा वाद होता. मिठाचा विषय निघाला की ह्या देशात १९३० आठवतंच. आमच्या बाजूला तर वडाळा आणि शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी सांगणारी माणसं माझ्या लहानपणी जिवंत होती. बंदी उठली त्या वर्षी बाबा खुशीत होते. २००४मध्ये ते गेले. २००६ला बंदी परत लागू झाली. एव्हाना आमच्या आगराची जमीन भरावाखाली गेली होती. तिथे आता कंटेनर रचलेले असतात, निळे, लाल, तपकिरी. मिठावर आयोडीन फवारल्यामुळे आगर बुडालं असं म्हणायचं आणि डोळे पुसायचे, हे मला जमत नाही. आगर कंटेनरखाली गेलं. पण मधल्या काळात बाबांना जो कमीपणा आला, तो खरा होता. त्यांच्या मिठाला "अखाद्य" हा शब्द लागला होता.

गंमत अशी की आता मिठावर फवारायचं आयोडीन मुख्यतः चिलीच्या वाळवंटातून आणि जपानमधून येतं, आणि आपल्या देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर पिकतं. पुडीवर हसरा सूर्य असतो, तो आयोडीनची खूण. इतकी वर्षं मी ती पुडी कात्रीने कापते, त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

आता खरी बोच. त्या सकाळी, आशाताई गेल्यावर, भाची आतून आली. तिला तिसरा महिना होता, आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. ताटलीतलं जांभळं मीठ बघून ती म्हणाली, "मावशी, मी तर पांढरं मीठ बंदच केलंय. सगळं केमिकल. घरी पिंक सॉल्ट वापरतो आम्ही, एकदम नॅचरल." आईने मान वर करून तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की विचारू नका. म्हणजे नातीलाही पुडीचं मीठ पटत नाही तर! मला तेव्हाच सांगता आलं असतं. गुलाबी मीठ म्हणजे आपलं उपासाचं सैंधवच, कोण्या काळी आटलेल्या समुद्राचं, डोंगरातून खणलेलं, आणि मुद्दाम घातल्याशिवाय त्यात आयोडीन नावापुरतंच. मीठ नको म्हणत असशील तर कमी खा, पण जे खाशील ते बघून खा. हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. मी बोलले नाही. आई नुकतीच हरली होती, त्यात मी आशाताईंच्या बाजूने उभी राहायचं? शेंगांच्या टरफलांकडे बघत बसले.

संध्याकाळी अंगणात पोपटी लागली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, ओवा, मधूनमधून आईने ओंजळीने टाकलेलं खडे मीठ, अंडी, चिकनचे तुकडे, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवल्या. तासाभराने मडकं फोडल्यासारखं उघडलं तेव्हा जी वाफ आली, तिच्यात धूर, ओवा, भांबुर्डीचा तो उग्र हिरवा वास आणि खाडीवरच्या वाऱ्याचा खारटपणा असं सगळं होतं. शेंगेच्या सालीवर मिठाचे अर्धे विरघळलेले खडे चिकटलेले. शेंग ओठांनी ओढली की आधी मीठ लागतं आणि मग दाणा. पुडीच्या मिठाची पोपटी मी पुण्यात एकदा करून पाहिली आहे. ती एकसारखी खारट होते, सगळीकडे सारखीच. इथे एक दाणा अळणी, पुढचा खारट, त्याच्या पुढचा नेमका. भाचीने हावरटासारखं खाल्लं. दुसऱ्या अंड्याची साल काढत म्हणाली, "आजी, तुझं मीठ बेस्ट आहे." आई जाळाच्या उजेडात हसली.

त्या हसण्यासाठीसुद्धा मी गप्प राहिले असेन.

पुण्याला आल्यावर दहा-बारा दिवसांनी भाचीला फोन केला. आधी तब्येत, मग उलट्या, मग हळूच मीठ. ती ऐकत होती, पण तिच्या "हं"मधून कळत होतं की मावशी फॉरवर्ड वाचून बोलतेय असं तिला वाटतंय. मी म्हटलं, माझं नको ऐकूस, तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार. तिने विचारलं. त्यांनी सांगितलं, आयोडीनचंच मीठ घ्या, आणि बरणीचं झाकण घट्ट लावून शेगडीपासून लांब ठेवा, दमट हवेत आणि उष्णतेत ते कमी होतं. भाचीने मला तिच्या ओट्याचा फोटो पाठवला. हसऱ्या सूर्याची पुडी काचेच्या बरणीला टेकून उभी. गुलाबी मिठाची चक्कीवाली बाटली मागे तशीच होती. मी काही म्हटलं नाही. आपल्या देशात चारातल्या तीन घरांत पुरेसं आयोडीन असलेलं मीठ पोचतं, असं २०१८-१९ची पाहणी सांगते. चौथं घर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर कुठलं तरी लांबचं गरीब घर यायचं. ते कोकणात आईचं निघालं आणि पुण्यात भाचीचं.

आईशी बोलायचं राहिलं होतं. बोंबलात आयोडीन असतं, त्या थेंबाला दिसत नाही, हे मी तिला सांगितलं. फोनवर जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "मग त्या पोरीला सांग की. रजिस्टरात लिहायला." मी म्हटलं, माशाचा रकाना नसतो त्यात. "नाय कसा? घाल म्हणावं." मिठाचं मात्र मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं की नाही, कळलं नाही. कडू पाण्याचं सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "तुझा बाप कडू ठेवायचा नाय हां मीठ." मी म्हटलं, हो. आणि तिथेच थांबले. तिला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, मीठ एकूणच कमी करायला सांगितलंय, तोही विषय त्या दिवशी काढला नाही.

मार्चमध्ये गावचा एक मुलगा कामासाठी पुण्याला येणार होता, त्याच्याबरोबर आईने भाचीसाठी पिशवी पाठवली. ती पिशवी सोसायटीच्या लिफ्टमधून वर आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिलं, म्हणजे वासाची कल्पना येईल. जवळा, सुकट, बोंबील, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लॅस्टिक. तळाशी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत किलोभर खडे मीठ, दोऱ्याने घट्ट बांधलेलं. दोऱ्यात वहीचा एक कागद खोचला होता. आईला लिहिता येत नाही, कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार, अक्षर गोल-गोल होतं. मला वाटतं ते आशाताईंचं.

"हे फक्त लोणच्याला."